झालेल्या गोष्टीतून शिकायचं कसं : नव्याने वही सुरू करणाऱ्यांसाठी

कोणाला शेती कितपत कळते असं विचारलं की आपल्याकडे लोक वर्षं सांगतात. तीस वर्षं झाली वावर करून राहिले, त्यायले काय शिकवता. वर्षांचा मान ठेवायलाच पाहिजे, पण एकाच शिवारात, एकाच काळ्या जमिनीत तीस तीस वर्षं काढलेले दोन कास्तकार शेजारी शेजारी पाहा, एकाची शेती दरवर्षी थोडी थोडी बदलत गेलेली असते आणि दुसऱ्याची दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी अडते. पाऊस दोघांवर सारखाच पडला, भावही सारखाच मिळाला. पहिल्याने झालेल्या गोष्टीकडे मागं वळून नीट पाहिलं, दुसऱ्याला तशी सवय लागली नाही, कारण ती सवय आपल्याला कोणी लावतच नाही. शाळेत लावत नाहीत, घरी लावत नाहीत, आणि कामाच्या रगाड्यात आपण स्वतःहून लावून घेत नाही.

हा लेख ती सवय लावून घेणाऱ्यांसाठी आहे. शेती करणाऱ्यांसाठी तर आहेच, पण बचत गटातल्या ताई, मोटार रिवाइंडिंगवाला पोरगा, अंगणवाडी सेविका, पहिल्यांदा निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य, भरतीची तयारी करणारे, सगळ्यांना चालेल. लागतं काय तर एक वही, एक पेन आणि आठवड्यातून थोडा वेळ. यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एक गोष्ट धरून ठेवा : निकाल लागायच्या आधी आपला अंदाज लिहून ठेवायचा. नंतरचं सगळं त्याच्यावरच उभं राहतं, ते कसं ते आता सांगतो.

डोक्यात राहते की, लिहायचं काहून?

कपाशीवर बोंडअळी आली की गावात प्रत्येक जण म्हणतो, मले तर वाटलंच होतं. भाव पडला की मले वाटलंच होतं, पोराची नोकरी हुकली की मले वाटलंच होतं. लोक खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच तसं आठवत असतं, पण ती आठवण नंतर तयार झालेली असते.

हे तपासून पाहिलेलं आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोन संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांकडून दौऱ्याआधीच अंदाज लिहून घेतले, अमुक होईल का, अमक्याला भेटतील का, शक्यता किती वाटते. दौरा आटोपल्यावर काही काळाने त्यांना विचारलं की तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतं ते आठवून सांगा. जे खरोखर घडलं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती असं बऱ्याच जणांना आठवलं, आणि कागदावर तर वेगळंच होतं. १९७५ मध्ये हे छापून आलं. म्हणजे निकाल कळला की आपलं डोकं जुना अंदाज गुपचूप दुरुस्त करून टाकतं. आणि अंदाज चुकलाच नव्हता असं वाटत असेल तर शिकायला उरलं काय? म्हणून तारीख टाकून लिहिलेला कागद लागतो, त्याला नंतर बदलता येत नाही.

पायरी १ : वही आणि तिची जागा

शंभर पानी साधी वही घ्या, किराणा दुकानात मिळते ती. महागाची डायरी घेऊ नका, त्यात खाडाखोड करायला हात धजत नाही आणि या वहीत खाडाखोड तर व्हायलाच पाहिजे. वही नजरेसमोर राहील अशा ठिकाणी ठेवा, दाराजवळच्या खिळ्याला सुतळीने लटकवली आणि पेन सुतळीलाच बांधला तर सगळ्यात बरं, कारण लिहायचं ठरवलं की नेमका पेनच सापडत नाही आणि तो दिवस जातो.

मोबाईलवर लिहिलं तर चालते का असं पोरं विचारतात. चालतं. पण मोबाईल उघडला की आधी ग्रुपवरचे मेसेज दिसतात आणि अर्धा तास तिकडंच जातो, म्हणून सुरुवात तरी कागदावर करा असं माझं मत. ज्यांना लिहिता येत नाही किंवा हात भरून येतो त्यांनी बोलून ठेवावं, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तिथं तारीख आपोआप पडते. नाहीतर घरातल्या सातवी-आठवीतल्या पोरीला बसवा, तुम्ही सांगा आणि तिला लिहू द्या. यात पोरगीही शिकते, आणि आजीच्या तोंडून आलेला अंदाज आणि त्याचं पुढं काय झालं हे पाहायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

पायरी २ : एकच विषय धरा

पहिल्या हंगामात एकच. सगळं आयुष्य वहीत उतरवायला गेलात तर पोळ्याच्या आत वही माळ्यावर जाईल. शेतीवाल्यांनी एक पीक आणि एकच वावर, दुधाचा धंदा असेल तर एकच म्हैस, दुकान असेल तर उधारी. ग्रामपंचायत सदस्य असाल तर सभेत आपण काय बोललो आणि पुढं त्याचं काय झालं एवढंच. विषय असा घ्या की ज्याचा निकाल दोन-चार महिन्यांत डोळ्यांना दिसेल. मला चांगला माणूस व्हायचं आहे, हा विषय नाही. सासऱ्यांशी पैशाबद्दल बोलताना आवाज चढतो, हा विषय आहे, आणि चांगला आहे.

पायरी ३ : काम करायच्या आधी लिहा

ही खरी पायरी, इथं घाई करू नका. कामाला हात लावायच्या आधी चार गोष्टी : काय करून राहिलो, आत्ता परिस्थिती काय आहे, असंच काहून करून राहिलो, आणि काय होईल असं वाटते. शेवटची गोष्ट जमेल तितकी मोजता येईल अशी लिहा. चांगलं पिकेल हा अंदाज नाही, एकरी सात क्विंटल होईल हा अंदाज.

गावातल्या एका दादाच्या वहीतलं त्याला विचारून इथं देतो, भाषा त्याचीच ठेवली :

"२२ जून. नाल्याकडचं दोन एकर, सोयाबीन. बी घरचं, मागच्या सालचं. परवा रात्री पाऊस आला, त्याच्या आधी नुसती भुरभुर. फावड्यानं खणून पाह्यलं, ओल चार बोटं, खाली कोरडं. शेजारचे पेरून राहिले आन् ट्रॅक्टर आज मोकळा हाये म्हणून पेरतो. अंदाज, सात-आठ दिवसात तास दिसतील. भेव एकच, पाऊस दडी मारंल."

तास म्हणजे पेरलेली ओळ. पाहा किती थोडकं आहे. पण "ट्रॅक्टर आज मोकळा हाये म्हणून" हे तीन महिन्यांनी कोणाच्याही लक्षात राहिलं नसतं. पेरणीचं खरं कारण ते होतं, जमिनीतली ओल हे कारण नव्हतं. काहून करून राहिलो याचं उत्तर खरं लिहायचं, वही कोणाला दाखवायची नसते. सगळे करून राहिले म्हणून, बायकोने म्हटलं म्हणून, पैसे आले होते म्हणून, जे असेल ते.

पायरी ४ : झाल्यावर आधी फक्त जे दिसलं ते

इथं तीन प्रश्न कामाला येतात. अमेरिकेत टेरी बॉर्टन नावाच्या शिक्षकाने १९७० मध्ये ते मांडले आणि पुढं नर्सिंगपासून शिक्षणापर्यंत सगळीकडे वापरले गेले, कारण सोपे आहेत : काय झालं? त्याचा अर्थ काय? आता काय करायचं? क्रम मोडायचा नाही एवढीच अट. आपण सवयीने दुसऱ्यावर उडी मारतो, म्हणजे काय झालं हे नीट पाहायच्या आधीच कोणाची चूक ते ठरवून मोकळे होतो.

त्याच दादाची दहा दिवसांनंतरची नोंद :

"२ जुलै. उगवण पातळ. नाल्याच्या अंगानं बरं हाये, धुऱ्याच्या अंगानं तासंच्या तासं खाली. उकरून पाह्यलं, काही दाणे फुगून सडले, काही कोंब वाकडे होऊन मातीखालीच राह्यले. दुकानदाराकडून बी घ्याले पाह्यजे होतं असं भाऊ म्हणते. राग आला."

धुरा म्हणजे वावराचा बांध, आणि तासं खाली म्हणजे ओळी रिकाम्या. दोन गोष्टी बघा. एक म्हणजे त्याने उकरून पाहिलं. वरून पाहून पातळ उगवलं असं म्हणणारे शंभर असतात, मातीखाली काय झालं ते पाहणारा एखादाच. दुसरी म्हणजे राग आला तेही लिहिलं. भावना लिहायची लाज वाटते आपल्या पुरुषांना, पण राग आला की तो परस्पर कारण निवडून टाकतो, भावावर राग असेल तर भाऊ चुकीचा ठरतो आणि दुकानदारावर असेल तर बियाणं खराब ठरतं. राग एका ओळीत लिहून बाजूला काढला की मग कारणांकडे पाहता येतं.

पायरी ५ : कारणं निदान तीन

पहिलं सुचलेलं कारण लिहा आणि तिथं थांबू नका, आणखी दोन शोधा. सोयाबीनच्या पातळ उगवणीची तीन तरी कारणं समोर ठेवता येतात. बियाण्याची उगवणशक्तीच कमी असेल. ओल पुरेशी नसताना पेरलं असेल, कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं दरवर्षी सांगतो ते यासाठीच. किंवा बी खोल पडलं असेल, सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली गेलं की कोंबाला वर यायला जड जातं.

आता वहीतली नोंद पुन्हा वाचा. नाल्याकडे बरं, धुऱ्याकडे रिकामं. बी दोन्हीकडे एकच होतं. बियाणंच खराब असतं तर दोन्हीकडे सारखंच पातळ निघालं असतं, म्हणजे एकटं बियाणं जबाबदार नाही. नाल्याकडे ओल जास्त टिकते, म्हणजे ओलीचं कारण बसतं. धुऱ्याजवळ ट्रॅक्टर वळतो, तिथं पेरणीयंत्राचे फण खोल गेले असतील, म्हणजे खोलीचंही बसतं. दोघांतलं कोणतं, हे सडलेल्या दाण्यांवरून आणि वाकड्या कोंबांवरून थोडं थोडं उमगतं, वाकडा होऊन खालीच राहिलेला कोंब म्हणजे बी जिवंत होतं, त्याला वर येता आलं नाही. इतकं सगळं दोन नोंदींतून निघालं. वही नसती तर गावात एकच वाक्य राहिलं असतं, औंदा बी बोगस होतं, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी तोच ट्रॅक्टर त्याच धुऱ्यावर वळला असता.

बियाण्याचं तेवढं सांगून टाकतो, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि पाच-सहा दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. ७० किंवा त्यावर निघाले तर बी पेरायला ठीक, कमी निघाले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं किंवा फारच कमी असतील तर बी बदलायचं. हा आकडाही वहीत गेला पाहिजे, म्हणजे एक कारण आधीच बाद होतं.

पायरी ६ : चांगलं झालं तरी लिहा

नुकसान झालं की माणूस विचार करतो, फायदा झाला की पेढे वाटतो आणि विसरतो, आणि मग पुढच्या वेळी तो फायदा परत का आला नाही ते समजत नाही.

बचत गटातल्या एका ताईंचं सांगतो. तालुक्याच्या प्रदर्शनात त्यांच्या गटाने स्टॉल लावला, कुरड्या, शेवया, मूगवड्या आणि लोणचं. आधी वहीत लिहिलं होतं, लोणचं सगळ्यात जास्त जाईल. झालं उलटं, मूगवड्या पहिल्याच दिवशी दुपारी संपल्या आणि लोणच्याच्या बरण्या तशाच परत आल्या. गटातल्या बायका म्हणाल्या मूगवड्या आपल्या चवीला भारी आहेत, पुढच्या वेळी दुप्पट करू. ताईंनी कोणत्या वेळी कोणी घेतलं याची नोंद म्हणून पावती पुस्तकावर खुणा करून ठेवल्या होत्या. त्या पाहिल्यावर कळलं की मूगवड्या बहुतेक नोकरदार बायकांनी घेतल्या, दुपारच्या सुट्टीत, आणि अर्धा पावच्या पुड्यात घेतल्या. लोणचं फक्त किलोच्या बरणीत होतं. नोकरदार बाई पर्समध्ये किलोची बरणी टाकून ऑफिसात परत जाईल का? म्हणजे चवीचा प्रश्न राहिला बाजूला, पुड्याचा आकार होता. पुढच्या वेळी लोणचं लहान डब्यांत नेलं तेव्हा तेही गेलं. नुसत्या मूगवड्या दुप्पट केल्या असत्या तर ही गोष्ट हातातून निसटली असती.

पायरी ७ : बदल एकच, आणि थोड्या जागेत

कारण सापडल्यासारखं वाटलं की उत्साहात माणूस सगळंच बदलतो, बियाणं नवं, खत नवं, अंतर नवं, फवारणी नवी. मग पीक चांगलं आलं तरी कशामुळे आलं ते कळत नाही आणि वाईट आलं तरी कळत नाही. एका वेळी एक बदल. आणि तोही सगळ्या वावरात करू नका, थोडी तासं जुन्या पद्धतीने सोडा, टोकाला पांढरं फडकं बांधलेली काडी रोवा, म्हणजे शेजारी शेजारी पाहता येतं. आपल्याकडे एक हंगाम गेला की वर्षभर थांबावं लागतं, त्यामुळे सगळं वावर एका अंदाजावर लावणं परवडतही नाही.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, याचं मोठं उदाहरण आहे, माझ्या मनात फार आदराचं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा थोडीच झालेली, जमीन थोडीच. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. वेगळं दिसणं हे बऱ्याच जणांना होतं. त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, त्यांचं बी वेगळं ठेवलं, पुढच्या हंगामात थोड्या जागेत वेगळं लावलं, पाहिलं, निवडलं, परत लावलं, असं वर्षानुवर्षं. त्यातून बारीक दाण्याचा जो धान निघाला तो एचएमटी, त्या काळच्या घड्याळाच्या नावावरून पडलेलं नाव, आणि आज किती दूरपर्यंत तो तांदूळ खाल्ला जातो. २०१८ मध्ये ते गेले. प्रयोगशाळा नव्हती, पण दिसलेलं सोडून न देणं, वेगळं ठेवणं, थोड्या जागेत पारखणं आणि घाई न करणं हे सगळं होतं. डेव्हिड कोल्ब नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं एक चक्र मांडलं, अनुभव घ्या, त्याकडे वळून पाहा, त्यातून काही नियम काढा, तो नियम नव्याने करून पाहा आणि परत अनुभव घ्या. कॉलेजात ते आकृती काढून शिकवतात. नांदेडच्या बांधीत ते आधीच फिरून राहिलं होतं.

पायरी ८ : परत वाचायचे दिवस ठरवा

लिहिलं आणि वाचलं नाही तर वही म्हणजे नुसती रद्दी. कॅलेंडरवर दिवस आपल्याकडे ठरलेलेच आहेत, वेगळे शोधायला नको. पोळ्याच्या आसपास पेरणीपासून आतापर्यंतचं वाचा, त्या वेळी कामाला जरा उसंत असते. सोयाबीन निघाल्यावर दिवाळीच्या आगेमागे दुसऱ्यांदा. कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की तिसऱ्यांदा. आणि गुढीपाडव्याला मागचं सगळं वाचून नव्या पानावर यंदा कोणता एक बदल करायचा ते लिहा, बियाणं, गडी, बैलं सगळ्यांचा विचार त्या दिवसांत होतोच.

वाचताना अंदाज आणि निकाल समोरासमोर ठेवा आणि चुकांचा कल कुठं आहे ते शोधा. काही जणांचा अंदाज नेहमी वरच जातो, एकरी सात म्हटलं की पाच होतात, दरवर्षी. त्यांनी कर्ज काढताना आपलेच दोन क्विंटल कापून हिशोब करावा. काही जण उलट, भीतीने नेहमी कमी धरतात आणि चांगली संधी सोडतात. आपला कल कोणता हे कोणी बाहेरचा येऊन सांगत नाही, ते दोन-तीन हंगामांच्या वहीतच दिसतं.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी हाच हिशोब सराव पेपरला लावावा. पोलीस भरतीत मैदानी ५० आणि लेखी १०० मार्कांचं असतं, आणि लेखीचे सराव पेपर पोरं ढिगाने सोडवतात, मार्क बघतात आणि पुढचा पेपर घेतात. पेपर सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढं खूण करा, पक्कं माहीत, अर्धवट, किंवा अंदाजपंचे. मग तपासा. पक्कं माहीत लिहिलेलं चुकलं असेल तर ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते तुम्ही पुन्हा वाचणारच नव्हता.

पायरी ९ : दोघं-चौघं जमा

एकट्याने काही महिने झाले की मग जोडीदार बघा. आपल्या चुका आपल्याला कमी दिसतात आणि दुसऱ्याच्या लवकर दिसतात, तर त्याचा उपयोग करून घ्या, भांडण न करता.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी सगळ्यांना माहीत आहे, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव. पण त्यांच्या अभ्यासगटाबद्दल कमी बोललं जातं आणि माझ्या मते खरी ताकद तिथं आहे. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीने. अभ्यासगटात फक्त अभ्यास, एखादा विषय घेऊन बोलायचं, विचारायचं, बाहेरचा जाणकार आला तर त्याच्याकडून समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही. निर्णयाचा ताण नसला की माणूस मोकळं बोलतो, मला कळत नाही असंही म्हणू शकतो. तुमच्या चौघांच्या बैठकीलाही हाच नियम लावा, इथं कोणाची चूक ठरवायची नाही आणि कोणाला काय कर ते सांगायचं नाही, आधी वहीतलं वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

दुसरा नमुना शेतीशाळेचा. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात धानावरच्या तुडतुड्यांच्या प्रश्नातून सुरू झाली, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने, आणि आपल्याकडे कृषी विभाग बऱ्याच गावांत घेतो. चांगली शेतीशाळा झाडाखाली भाषण ऐकून संपत नाही. शेतकरी गट करून वावरात जातात, काही झाडं निवडून निरखतात, मग मोठ्या कागदावर मधोमध झाडाचं चित्र काढतात, एका बाजूला नुकसान करणारे किडे, दुसऱ्या बाजूला मित्रकिडे, वर पाऊस-पाणी, आणि मग ठरवतात फवारायचं की थांबायचं. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचं पाहा, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन दिवस रोज ८ पतंग सापडले, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली की उपाय करायची वेळ आली असं समजतात. लई अळी हाये म्हणणं आणि आठ पतंग मोजले म्हणणं यात पंपभर औषधाचा फरक आहे. तुमच्या गावात शेतीशाळा होत असेल तर कृषी विभागात विचारून जा, नसेल तर चौघांत हे चित्र काढणं सुरू करा, कागद आणि स्केचपेन तर पोरांच्या दप्तरात असतेच.

हे सगळं परक्या मुलखातून आलेलं आहे असं वाटायला नको. कामातून शिकायचं ही गोष्ट आपल्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात देशासमोर मांडली गेली, गांधीजींची नई तालीम, कताई करता करता गणित आणि भूगोल. पुढं १९४५ मध्ये सेवाग्रामच्या संमेलनात ती फक्त लहान मुलांसाठी नाही, जन्मापासून मरेपर्यंतची आहे असं ठरलं. सत्तरीतल्या माणसाने वही सुरू करणं त्या हिशोबाने अगदी वेळेवर आहे.

मन फार जड झालं असेल तेव्हा

हे लिहिणं गरजेचं आहे कारण आपण विदर्भात, शेतकरी आत्महत्यांच्या मुलखात राहतो. मागं वळून पाहणं आणि तेच तेच उगाळत बसणं या वेगवेगळ्या गोष्टी. वहीत तिसरा प्रश्न, आता काय करायचं, याचं लहानसं तरी उत्तर निघत असेल तर तुम्ही शिकून राहिले. पानामागून पान माझंच चुकलं, माझ्यामुळेच झालं एवढंच येत असेल, झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल तर वही मिटा. ती त्या वेळी उपयोगाची नाही. घरातल्या कोणाजवळ तरी बोला, आणि टेलि-मानस १४४१६ या नंबरवर फोन करा, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नापिकी आणि पडलेला भाव यात माणसाच्या हातातलं थोडं आणि हाताबाहेरचं फार असतं, म्हणून कारणं लिहिताना मधोमध एक रेघ मारून माझ्या हातातलं आणि हाताबाहेरचं असे दोन भाग करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पावसाची दडी, आयात-निर्यातीचं धोरण, बाजारातली आवक हे उजवीकडे. पेरणीची तारीख, बियाण्याची तपासणी, फणाची खोली डावीकडे. शिकायचं फक्त डाव्या बाजूने, आणि उजव्या बाजूचं ओझं स्वतःवर घ्यायचं नाही. उजव्या बाजूसाठी ग्रामसभा आहे, संघटना आहे, मोर्चा आहे, ते एकट्याच्या वहीत सुटत नाही.

खंड पडला तर

पडेलच. लग्नसराई येते, कोणी आजारी पडतं, कापूस वेचणीच्या दिवसांत तर जेवायला फुरसत नसते. तेव्हा मागची पानं आठवून भरायला बसू नका, आठवून भरलेल्या पानांत पुन्हा तेच होतं, मले वाटलंच होतं. मधली जागा कोरी सोडा, आजची तारीख टाका आणि पुढं येणारं पहिलं काम धरा. उद्या फवारणी असेल तर आज संध्याकाळी चार ओळी : कोणतं औषध, किती, काहून, आणि पाच दिवसांनी पानाखाली काय दिसेल असं वाटते.